मॅडमच्या टेबलावरच्या लाल पट्ट्या

मी चौथी नापास. तेबी एकदा न्हाई, दोनदा. दुसऱ्या टायमाला मास्तरच म्हनले, "बबन, आता तू घरी ऱ्हा, माझी पोरं बिघडतील." पन आकडे मला पक्के येतात. गाडीचं रीडिंग, यष्टीचा नंबर, पत्त्यातली पानं, काय बी इचारा. आन् ह्या आकड्यांनीच माझी लाज काढली. ती कशी, ते सांगायला बसलोय. तुमी गेला न्हाई त्या रस्त्यानं, मी गेल्तो, म्हनून ऐका.

नगरात डोळ्याचा एक दवाखाना हाय, तिथं मी जीपवर. दिवाळी झाली, थंडी पडली, का आमची गाडी तालुक्यांनी फिरती. मोतीबिंदूचं शिबिर. शाळेच्या दोन खोल्या धुवायच्या, औषधाची धुरी द्यायची, टेबलं मांडायची आन् वळीनं म्हाताऱ्यांचे डोळे करायचे. गाडीत आमी चौघं. निकम सर, सोनवणे मॅडम, लता सिस्टर आन् मी. सर आन् मॅडम दोघंबी डोळा कापनारे. दोघांचं शिक्षान सारखं, पगारबी सारखाच आसंल. मॅडमची नोकरी तर सरांपेक्षा दोन वर्सांनी जुनी.

मला डायवरकीशिवाय आनखी एक काम हुतं, पट्टीचं. पेशंटचा जो डोळा करायचा त्याच्या वर, कपाळाला, चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आन् त्याच्यावर नंबर घालायचा. मॅडम आदी बॅटरी मारून डोळा तपासनार, भुवईवर पेनाचा एक ठिपका देनार, मी त्या ठिपक्यावर पट्टी चिकटवनार. लाल पेनाचा नंबर म्हंजे सरांचं टेबल, निळ्या पेनाचा म्हंजे मॅडमचं. एक लाल, एक निळा, एक लाल, एक निळा. गाढवालाबी जमंल आसं काम. म्हनून तर मला दिल्तं.

राहुरी

पयला मुक्काम राहुरीच्या अलीकडं एका वस्तीवर. मुळा धरनाच्या पान्यानं सगळं हिरवंगार. ऊस, घास, मधूनच गव्हाचा पट्टा. आमच्या श्रीगोंद्याकडं ऊस हाय, पन तो वाळकुंड्या नवऱ्यावानी. हितला ऊस जावयावानी, अंगानं भरलेला.

सकाळपासून टेबलं चालू झाली. पयल्याच घंट्यात एक फेटेवाला बाबा माझ्याकडं आला. पट्टीला हात लावून म्हनतो, "पावनं, ही निळी काडा आन् लाल लावा."

"का वं?"

"आवो, माझा डोळा हाय. बाईच्या हातात कसा देऊ? बाई म्हंजे बाई. हात थरथर कापंल तिचा."

मी काय म्हनायला पायजे हुतं? म्हनायला पायजे हुतं का बाबा, त्या बाईनं आजवर जितके डोळे केले तितकी तुमी कांद्याची रोपं लावली नसतील. पन मी पडलो सोंगाड्या. हासलो. बाबानं तंबाखूची चिमूट पुढं केली. ती घेतली, निळी काडली, लाल लावली. एका चिमटीत इमान गेलं, आन् ती तंबाखूबी कडू निघाली.

दुपारी एकला सर उटले. पाठ धरून म्हनले, "बबन, पाठ गेली रे माझी." झालं! सतरंजी आली, उशी आली, कुनीतरी तेल गरम करून आनलं. सरपंच म्हनले, "सायेब दमले. लई बारीक काम हाय." आनि मग सगळे सरांना घेऊन जेवायला गेले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर ताक. सर जेवून आडवे झाले.

सरांच्या टेबलाचे उरलेले पेशंट कुठं गेले? मॅडमच्या टेबलावर. लाल पट्टीचे सगळे. तो फेटेवाला बाबाबी त्यातच. त्याचा डोळा शेवटी बाईनंच केला. भूल दिलेली, वर फडकं, त्याला पत्ताच न्हाई. दुसऱ्या दिवशी गावभर सांगत हिंडला आसंल, सायबाचा हात काय गोड!

चारला मी मॅडमपुढं पान्याचा तांब्या धरला. मॅडम म्हनल्या, "नको." सकाळीबी नको, दुपारीबी नको. मी म्हनलं, "मॅडम, तुमी उंटाच्या जातीच्या दिसता." सगळे हासले. मॅडमबी हासल्या, म्हंजे तोंड हासलं.

लता सिस्टरनं मला व्हरांड्यात ओढलं. "बबनराव, अक्कल गहाण टाकलीय का? ह्या शाळेत बायांना जायाला जागा हाय का कुठं? तुमी जाता भितीमागं. सरबी जातात. मॅडमनं आन् मी कुठं जायाचं? म्हनून आमी सकाळपासून पानी पीत न्हाई."

मी भितीकडं बगितलं. सकाळपासून तीनदा गेल्तो तिच्यामागं. भितीची लाज वाटायला पायजे हुती, ती वाटली न्हाई, आन् उंट मात्र लगीच सुचला.

संध्याकाळी दिवस बुडायच्या आदी मॅडमनी एसटीडीच्या टपरीपुढं गाडी थांबवायला सांगितली. काचंच्या खोक्यात उभ्या राहून बोलत हुत्या, दार नीट लागत नव्हतं, मला सगळं ऐकाय येत हुतं. "गॅसचा नंबर लावला का? चाचणी कशी गेली त्याची? आईंची गोळी फ्रीजवर आहे, डब्यात." मग हळू आवाजात म्हनल्या, "नाही, राग नाही आला. काहीच नाही येत आता. ह्या पाच दिवसांत ठरवते मी. जमलं तर करत राहीन, नाही तर चाकू खाली ठेवते. शाळांत पोरांचे चष्म्याचे नंबर काढायचं काम आहे, ते घेते."

मला वाटलं, आसं बोलत्यात बाया. माझी बायको तर म्हैन्यातून दोनदा माहेरी जायला निघती.

कोल्हार

प्रवरेच्या काठाचं गाव. मनमाड रस्त्याच्या दोन्ही बाजूला पेरूच्या पाट्या. पिवळेधमक पेरू, तिखट-मीठ लावून. आमच्याकडं पेरूला किडा आदी लागतो आन् मग रंग येतो.

हितं पट्टी बदलायचा भाव पेरू हुता. मी काय मागितलं न्हाई, लोकच देत हुते. एक म्हातारी तर पेरू न्हाई, नुस्ती हात जोडून आली. "लेकरा, मला सायबाकडं घाल. बाई चांगली हाय रं, माझ्याशी ग्वाड बोलली. तपासायला बाईच पायजे. पन कापायला बापय." तपासायला बाई आन् कापायला बापय! मी तिचीबी बदलली. दुपारपतुर माझा खिसा पेरूनं फुगलेला आन् सरांची यादी लालेलाल. आन् एक वाजता काय झालं? सरांची पाठ. सतरंजी. जेवान. उरलेल्या लाल पट्ट्या मॅडमकडं.

सरांबद्दल खोटं सांगत न्हाई. मानूस वाईट न्हाई. तेबी दमायचे, खरंच दमायचे. दमले का वरडायचे, कातर फेकायचे, सिस्टरला बोलायचे. मग लोक म्हनायचे, "डोक्याला ताप हाय वं सायबाच्या." घंटाभर झोपून उटले का गडी ताजा. मॅडम दमल्या का काहीच हुयाचं न्हाई. आवाज न्हाई, आदळआपट न्हाई. नुस्ती मान एका बाजूला धरायच्या. मग कोन कशाला सतरंजी आनतंय? जो वरडतो त्याला उशी, आन् जी गप बसती तिला आनखी दहा डोळे.

चारला सत्कार. कारखान्याचे कुनी संचालक आले हुते. मॅडमचा हात पेशंटच्या डोळ्यात. एक कार्यकर्ता खोलीच्या दारात येऊन म्हनतो, "मॅडम, जरा भाईर या, पावन्यांना ओवाळायचंय. सवाशीन पायजे."

मॅडमनी मान वर केली न्हाई. "माझे हात धुतलेले आहेत. डोळा उघडा आहे."

"पाच मिंटाचं काम हाय ओ!"

"डोळा उघडा आहे," मॅडम परत म्हनल्या.

तो भाईर येऊन सगळ्यांदेखत म्हनाला, "शिकलेल्या बायांना लई गुर्मी आसती." आरं भाड्या, तिथं एका म्हातारीची नजर बाईच्या दोन बोटांत हुती! केसाहून बारीक दोऱ्यानं टाका चालला हुता! तुझ्या पावन्याच्या कपाळाला कुकू लागलं न्हाई म्हनून काय तो आंधळा हुनार हुता?

हे सगळं मी मनात म्हनलं. तोंडात पेरू हुता.

सत्कारात सरांना शाल आन् फेटा. मॅडमना खन-नारळ. त्या आल्याच न्हाईत, तर तो खन सिस्टरच्या हातात दिला. सिस्टर मला म्हनली, "ह्यो खन डोळ्याला बांधायला बरा हाय. तुमच्या."

पाथर्डी

तिसऱ्या दिवशी पूर्वेला. हिरवं संपलं, डोंगर उघडे, रस्त्याला खड्डे. रस्त्यात दोनदा पंक्चर, आन् दुसऱ्यांदा जॅक मी कोल्हारलाच इसरलेलो. सर म्हनले, "बबन, तुझं डोकं आणलंस का?" म्हनलं, "सर, ते जॅकखालीच ऱ्हायलं." सगळ्यांनी जीप हातानं उचलली. मॅडमनीबी.

गावात तरनं मानूस दिसना. सगळे ऊसतोडीला गेलेले. घरं कुलपात, आन् भितीला टेकून म्हातारे. एकेकाला नातवानं न्हाई, काठीनं आनलेलं. हितं पट्टी बदलायला कुनी आलं न्हाई. म्हातारी मानसं म्हनली, "कुनीबी करा, पन दिसू द्या." मला वाटलं, हेच गाव शानं.

पन हितं दुसरीच तऱ्हा. बाई डॉक्टर आली म्हनताच आजूबाजूच्या वाड्यांवरनं बाया आल्या. पोट घेऊन, पोर घेऊन, पोर हुईना म्हनून. दुपारी मॅडम भाकरीचा पयला तुकडा मोडत्यात तर सात बाया दारात.

"अगं, मी डोळ्याची डॉक्टर आहे."

"आसू द्या की बाई. डॉक्टर हाय, आन् बाई हाय. आमाला कोन हाय दुसरं?"

मॅडमनी ताट सरकवलं. सातीजनींना तपासलं, कुनाला तालुक्याला जा म्हनलं, कुनाला नुस्तं डोक्यावर हात ठेवून बसल्या. सर बाजूच्या खोलीत जेवत हुते. सर डॉक्टर न्हाईत का? पन सरांकडं कुनी कान दुखतो म्हनूनसुदा गेलं न्हाई. "सायेब जेवत्यात." सायेब जेवताना सायेब आसतो, आन् बाई जेवतानाबी बाईच. मॅडमची भाकरी वाळून पापड झाली. ती मी खाल्ली. टाकून कशाला द्यायची, हा माझा इचार.

श्रीगोंदा

चवथा दिवस, माझा तालुका. साखर कारखान्याचे चरक चालू झालेले, मळीचा वास गावाच्या आदी नाकात शिरतो. उसाच्या बैलगाड्यांची रांग, त्यातनं जीप काडायची म्हंजे डायवरचं काम. मी दोन बैल आन् एक पुढारी वाचवत शाळंत पोचलो.

तिथं माझी आई बसलेली. उजवा डोळा पांढरा झालेला, डावा कामापुरता. विहाराच्या पायरीवर ठेचकाळून दोनदा पडली, म्हनून मीच निरोप धाडला हुता. मॅडमनी तिला तपासलं, भुवईवर ठिपका दिला, हासून म्हनल्या, "बबनरावांच्या आई का? मग तर नीटच करायला पाहिजे." मी नंबर घातला. निळा. वळीनं तोच येत हुता.

आता ऐका. चार दिवस मी सगळं बगितलं हुतं. बिनपान्याची बाई बगितली, वाळलेली भाकरी खाल्ली, त्या ओवाळनीवाल्याला मनात शिव्या दिल्या. पन आपली आई वळीत बसली आन् माझ्या मनात काय आलं? "बाईचा हात कापला तर?" मी! चार दिवस त्या हाताचे टाके बगनारा मी!

आईला भितीआड नेलं. निळी पट्टी काडली, लाल लावली. आई म्हनली, "काय करतोस रं?" म्हनलं, "गप बस. सायेब तो सायेब." घाईत ठिपकाबी पट्टीबरुबर पुसून निगाला. पन मला वाटलं, मला काय कळत न्हाई का? मी तिच्या समोर उभा. उजव्या अंगाला लावली. माझ्या उजव्या.

दीड वाजला. सरांची पाठ. उरलेल्या लाल पट्ट्या मॅडमकडं. आई मॅडमच्या टेबलावर गेली आन् मला दारात घाम फुटला, का आता बाईच करनार. माझ्याहून मोठं गाढव त्या दिवशी गाडीला जुपलेलं नव्हतं.

मॅडमची एक खोड हुती. सुई द्यायच्या आदी, समद्या पेशंटचे दोन्ही डोळे परत बॅटरीनं बगायच्या. सकाळी तपासलेले आसले तरी. सर हासायचे, "डबल काम कशाला?" त्या दिवशी त्यांचा तिसावा का एकतिसावा डोळा आसंल. मान पार खांद्याला लागलेली. तरी बॅटरी घेतली. एक डोळा बगितला, दुसरा बगितला, कागद बगितला. सुई खाली ठेवली.

"बबनराव, आत या. चपला काढून."

मी गेलो.

"ही पट्टी कोणी लावली?"

"मी."

"चांगल्या डोळ्यावर लावली आहे."

खोलीत औषधाची धुरी हुती, पन डोळ्याला पानी धुरीनं आलं नव्हतं.

"सकाळी निळी होती ना?"

टेबलावरनं आईच बोलली. "बाई, त्याला बोलू नगा. लहानपनापास्नं येडाच हाय. म्हनला, सायेब तो सायेब."

मॅडमनी फकस्त "बरं" म्हनलं. पट्टी काडली, पेन घेतला, बरोबरच्या भुवईवर ठिपका दिला आन् आईला म्हनल्या, "आजी, हात छातीवर ठेवा. हलायचं नाही." मी दारात उभा ऱ्हाऊन बगत हुतो. हात कापला न्हाई. एकदाबी न्हाई.

परत नगर

पाचव्या दिवशी सकाळी डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडल्या. सिस्टरनं आईच्या डोळ्यापुढं जाड भिंग धरलं. आईनं मला वरनं खालपतुर बगितलं. "आरं देवा. तुझ्या डोक्यावर केस हुते की रं." सगळी खोली हासली. मग आईनं मान फिरवली, भिंगातनं मॅडमकडं बगितलं आन् हासू बंद झालं. लई येळ बगत हुती. मग म्हनली, "ये बाये. किती दिस झोपली न्हाईस गं?"

एका रातीच्या डोळ्याला जे दिसलं, ते मला चार दिवस आरशात मागच्या सीटवर दिसत हुतं. मॅडम पाठमोऱ्या झाल्या आन् हात धूत बसल्या. हात आदीच धुतलेले हुते.

सर कारखाना बगायला ऱ्हायले. मॅडम, सिस्टर आन् मी परत निगालो. मांडवगनच्या पुढं, सिस्टर झोपल्यावर, मी धीर केला. "मॅडम, चुकलो. एकदाच बदलली, माझ्या आईची हुती म्हनून..."

"एकदाच?" मॅडम भाईर बगत म्हनल्या. "बबनराव, पट्टी काढली की खाली आधीच्या पट्टीचा चिकट डाग राहतो. चौकोन दिसतो. राहुरीपासून दिसतोय मला."

गाडी मी बाजूला घेतली. चालवता येईना.

म्हंजे दुपारी एकनंतर त्यांच्या टेबलावर बदललेल्या पट्टीचा जो जो आला, त्याच्या कपाळावर त्यांना लिवलेलं दिसत हुतं, का ह्याला तुमी नको हुता. आन् त्या कपाळाखालचा डोळा त्यांनी तसाच नीट केला. दिवसभर. बिनपान्याचं.

"तुमी बोलला का न्हाई मला?"

"बोलले असते तर म्हणाला असता, बाईला राग लवकर येतो." मग म्हनल्या, "थकवा झोपून जातो, बबनराव. हा झोपून जात नाही. चला, घरी सासूबाईंना तीन वाजता गोळी द्यायची असते."

म्हैन्याभरानं हापिसात कळलं. मॅडमनी लिवून दिलं, ऑपरेशन बंद. आता शाळांत पोरांचे चष्म्याचे नंबर काडतात. त्याच म्हैन्यात सरांनीबी रजा टाकली, दमलो म्हनून. सरांच्या घरी आमी सगळे फळं घेऊन गेल्तो. मॅडमच्या घरी कोनबी न्हाई. मीबी न्हाई.

हापिसातला क्लार्क चहा फुकत म्हनला, "बायांना झेपत न्हाई ओ ऑपरेशन. नाजूक काम."

मला हजार ईनोद सुचतात, तवा एकबी सुचला न्हाई. त्याला सगळं सांगितलं. तंबाखू, पेरू, आईची पट्टी, चिकट चौकोन. तो हासला. "आरं येड्या, पट्टीनं कोन नोकरी सोडतं व्हय?"

"मी मोजल्यात," म्हनलं. "मला आकडे येतात. एकवीस."

आता आईचा डावाबी धुकाटलाय. दर बाजाराला इचारती, बाई कवा यायची? औंदाच्या शिबिराच्या यादीत बाई न्हाई. तिला म्हनलं, सायेब हायेत की. ती म्हनली, "सायेब दुपारी झोपल्यावर माझा डोळा कोन बगनार?"

निळा पेन अजून जीपच्या कप्प्यात हाय. पन त्यानं नंबर घालायला आता टेबलच न्हाई.